दुसरी ढाल

कॉलेजच्या कट्ट्यावर इतिहासतज्ज्ञांचा तुटवडा कधीच नसतो. सबमिशनच्या आदल्या दिवशी तर त्यांची संख्या दुप्पट होते! यातले निम्मे इंग्रजी सिनेमे बघून तयार झालेले. त्यांच्या मते युरोपातले ते पोलादी पत्र्यात पॅक केलेले नाइट म्हणजे चालते-बोलते डबे. घोड्यावर बसायचं तर क्रेन लागायची, पडला की कासवासारखा उताणा, आणि बाण आला की पत्र्यातून आरपार. उरलेले निम्मे आपले घरचे. त्यांच्या मते मावळ्याला चिलखत-बिलखत लागतच नव्हतं, निधडी छाती हेच त्याचं चिलखत!

मला या दोन्ही पार्ट्यांशी भांडायचं आहे. पहिल्या पार्टीचं म्हणणं साफ चूक आहे आणि ते आकड्यांनी दाखवता येतं. दुसऱ्या पार्टीचं म्हणणं मात्र नुसतं चूक नाही, ते घातक आहे. कारण त्याचे परिणाम आजही सायन-पनवेल हायवेवर आणि आपल्या आजूबाजूच्या बांधकामाच्या साइट्सवर दिसतात. कसे, ते सांगते.

माझी शाळा कॉन्व्हेंट. त्यामुळे 'आर्मर' हा शब्द मला 'चिलखत'च्या आधी भेटला. राजा आर्थरच्या दरबारातल्या सरदारांची नावं पाठ होती, पण जिरेटोपातलं 'जिरे' म्हणजे काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि कुणी सांगितलंही नाही. ते फोडणीतलं जिरं नव्हे! फारसीत 'झिरह' म्हणजे लोखंडी कड्या एकमेकींत गुंतवून केलेली जाळी. म्हणजे आपल्या सगळ्यात लाडक्या शब्दातच चिलखत लपलेलं आहे, आणि आपण मात्र म्हणतो की आपल्याकडे चिलखताचं काय काम!

आधी पत्र्याचा हिशोब करू. चौदाव्या-पंधराव्या शतकात युरोपात डोक्यापासून पायापर्यंत पोलादी पत्र्यांचं चिलखत बनायला लागलं. लढाईतल्या पूर्ण चिलखताचं वजन साधारण २० ते २५ किलो. मेसमध्ये पाण्याचा वीस लिटरचा जार असतो ना, तेवढं. जार खांद्यावर घेऊन जिना चढताना आपला जीव जातो हे खरं, पण चिलखताचं वजन एका खांद्यावर नसतं. ते छाती, कंबर, दंड, मांड्या असं अंगभर वाटलेलं असतं. पॉइंट लोड आणि डिस्ट्रिब्युटेड लोड यातला फरक आपल्याला वेगळा सांगायला नको. सांध्यांवर सरकणारे पत्रे आणि सैल रिव्हेट असायचे. असं चिलखत घालून माणूस पळू शकतो, खाली पडून उठू शकतो, आपला आपण घोड्यावर चढू शकतो. आजच्या अभ्यासकांनी आणि हौशी मंडळींनी हे करून दाखवलं आहे. क्रेन सिनेमावाल्यांची!

आता बाण. ताकदीच्या इंग्लिश धनुष्यातून सुटलेला ८० ग्रॅमचा जड बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने जातो असं धरा. हाफ एम व्ही स्क्वेअर केलं की १०० ज्यूल येतात. ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा काढा, ती सुमारे १२० ज्यूल भरते! म्हणजे बाणात काही राक्षसी ताकद नसते. ती सगळी ताकद एका टोकावर एकवटलेली असते, एवढंच. चिलखत बनवणाऱ्याचं काम म्हणजे ते टोक घसरवणं. म्हणून छातीचा पत्रा सपाट नसतो, फुगीर असतो. बाण सरळ न बसता तिरका बसला की त्याची बरीचशी ऊर्जा घसरण्यात जाते. शिवाय पत्र्याची जाडी दुप्पट केली, तर तो भेदायला लागणारी ऊर्जा दुप्पट नाही, जवळजवळ तिप्पट होते. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या काही कारागिरांनी आणि अभ्यासकांनी मिळून याची चाचणीच घेतली. मध्यभागी सुमारे अडीच मिलिमीटर जाडीचा छातीचा पत्रा जुन्या पद्धतीने घडवला आणि १६० पौंडी धनुष्यातून जवळच्या अंतरावरून त्यावर बाण सोडले. छातीचा पत्रा एकाही बाणाने भेदला नाही. बाण मोडले, घसरले, त्यांच्या फळ्या उडाल्या.

मग १४१५ साली अ‍ॅजिनकोर्टला इंग्लिश तिरंदाजांनी चिलखतवाल्या फ्रेंचांना कसं हरवलं? बाण पत्र्यातून आरपार गेले म्हणून नाही. आदल्या रात्री पाऊस पडला होता, शेत नांगरलेलं होतं, त्यात पायांखाली चिखल. फ्रेंच सरदार त्या चिखलातून, बाणांच्या माऱ्यात मान खाली घालून, एकमेकांना रेटत चालत आले आणि पोचेपर्यंत अर्धे मेले होते. इथे लीड्सच्या संशोधकांचं काम बघण्यासारखं आहे. त्यांनी सवयीच्या माणसांना चिलखतं घालून ट्रेडमिलवर चालवलं आणि पळवलं. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आला की चिलखत घालून चालायला साध्या चालण्याच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते. का? तर पायांवरचं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं आणि छाती आवळलेली असल्यामुळे खोल श्वास घेता येत नाही. थोडक्यात, चिलखताने वार थांबवला. दम नाही थांबवला. वस्तू फेल झाली नाही, ती चुकीच्या जमिनीवर वापरली गेली.

एवढं चांगलं काम करणारी वस्तू सगळ्यांच्या अंगावर का नव्हती, हा खरा प्रश्न. उत्तर कंटाळवाणं आहे: पैसा. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा साधा जॉब करताना आपल्या हाताला फोड आले होते, आठवतंय? आता कल्पना करा की रोलिंग मिल नाही, वेल्डिंग नाही, बाजारात मिळणारा तयार पत्रा नाही. भट्टीतून निघालेला लोखंडाचा गोळा ठोकून ठोकून त्याची मळी काढायची, त्याचा एकसारख्या पोताचा पत्रा करायचा, तो पत्रा एका विशिष्ट माणसाच्या खांद्या-कमरेच्या मापाने वाकवायचा, आणि वर कडक करताना त्याला तडा जाऊ द्यायचा नाही. युरोपात काही गावांनी यावर पिढ्यान्‌पिढ्या संसार केला, पाणचक्कीवर चालणारे घण वापरले, तरी अंगभर उत्तम पत्रा हा पैसेवाल्याचाच मामला राहिला. बाकीच्यांनी मिळेल तो टोप, कापूस किंवा चिंध्या भरून टाचलेला जाड अंगरखा, वारशाने आलेलं जुनं चिलखत असं भागवलं.

आपल्याकडे पोलाद कमी दर्जाचं होतं का? अजिबात नाही. दक्षिणेतलं वुट्झ पोलाद जगभर जात होतं. पण ते मुशीत, किलो-दोन किलोच्या लहान वड्यांत तयार व्हायचं. तलवारीला उत्तम, अंगभर पत्र्याला अवघड. त्यात आपलं हवामान! कोकणातल्या जुलै महिन्यात सायकलची चेन आठ दिवसांत तांबडी होते, तिथे चिलखत तेल पाजून कोरडं ठेवायला वेगळा माणूसच लागेल. आणि मे महिन्यात ते अंगावर घालायचं, म्हणजे घाम वाळायची सोयच नाही. म्हणून इथे वेगळं डिझाइन झालं. अंगभर कड्यांची जाळी, तिच्यातच जागोजागी गुंफलेल्या छोट्या पट्ट्या म्हणजे बख्तर, किंवा छाती, पाठ आणि दोन बगला यांच्यावर बांधायचे चार पत्रे म्हणजे चारआईना. वाकता येतं, वारा लागतो, दुरुस्ती कड्या-कड्याने होते. अबुल फझलच्या आइन-ए-अकबरीत शस्त्रागारातल्या वस्तूंची किमतीसकट यादी आहे आणि तिच्यात अशी चिलखतं आहेत. किमतीतली तफावत बघितली की कळतं, तेव्हाही सरदाराचं मॉडेल वेगळं आणि शिपायाचं वेगळं होतं.

आता येऊ आपल्या मुलखात. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगडाचा पायथा. अफझलखानाची भेट. लहान पोरालासुद्धा गोष्ट माहीत आहे: महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातलं होतं, डोक्याला आतून लोखंडी टोप होता, आणि खानाचा वार चिलखतावरून खरखरत गेला. गोष्ट सांगताना आपण वाघनखांवर थांबतो. मी चिलखतावर थांबते. कारण वाघनखं चालवण्याआधी जिवंत राहणं आवश्यक होतं! ज्या माणसाला आपण शौर्याचं दुसरं नाव समजतो, त्याने त्या दिवशी निधड्या छातीवर भरवसा ठेवला नाही. त्याने हिशोब केला. मिठीतल्या भेटीत पळता येत नाही, अंतर ठेवता येत नाही, ढाल नेता येत नाही. वार होणार तो कट्यारीचा आणि जवळून. अशा वाराला कड्यांची जाळी नेमकी पुरते. गरज ओळखून संरक्षण निवडणं, याला आपल्या भाषेत डिझाइन म्हणतात.

सव्वाच वर्षाने, फेब्रुवारी १६६१ मध्ये, याच माणसाने बरोबर उलटा हिशोब मांडला. जागा आपल्याला जवळची. खोपोलीहून पालीकडे जाताना चावणी गावाजवळची उंबरखिंड. शाहिस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून कोकणात येत होता. त्या फौजेत बड्या सरदारांची कमी नव्हती, म्हणजे चांगल्या चिलखतांचीही नसणार. पण दोन्ही बाजूंना जंगल, वाट अरुंद, सामानाचे बैल आणि घोडे एकामागे एक. वरून दगड आणि बाण, पुढची वाट बंद, मागची वाट बंद. शेवटी रायबाघनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि सामान-सुमान टाकून फौज परत गेली. तिथे लढलेल्या मावळ्याच्या अंगावर वीस किलोचं काही असतं तर तो त्या कड्यावर चढलाच नसता. खिंड, उंची आणि वेग हेच त्याचं संरक्षण होतं. चिलखताची गरज सेनापतीने जागा निवडून कमी केली होती.

हा फरक नीट लक्षात घ्या. मावळा उघड्या छातीने लढला, कारण त्याला वार लागला तरी चालणार होतं, असं नव्हे. वार लागेल अशा जागी त्याला शक्यतो उभंच करायचं नाही, हा गनिमी काव्याचा सगळा अर्थ आहे. आणि जिथे हे जमायचं नाही, तिथे चिलखत नसल्याची किंमत मोजावीच लागायची. सिंहगड घ्या, फेब्रुवारी १६७०. रात्री कडा चढून जायचं म्हणजे अंगावर खणखणणारं लोखंड घालणं शक्यच नव्हतं. वर गेल्यावर मात्र समोरासमोर लढाई. सभासदाच्या बखरीत आहे की तानाजीची ढाल तुटली, दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल करून वार झेलले. आपण आजवर हा प्रसंग वाचून छाती फुगवत आलो. फुगवायलाच हवी. पण त्यातलं मधलं वाक्य आपण गिळतो: दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही. ते वाक्य शौर्याचं नाही, पुरवठ्याचं आहे. तानाजीने हात पुढे केला ही त्याची थोरवी. तो हात पुढे करावा लागला, ही मात्र थोरवी नाही, ती अडचण आहे. मला वाटतं, या दोन गोष्टींची गल्लत हेच आपल्या बऱ्याच दुखण्यांचं मूळ आहे.

कुणी म्हणेल, चिलखत खरंच उपयोगी होतं याला पुरावा काय? म्युझियममध्ये तर दोन-चारच दिसतात. हार्बर लाइन पकडून सीएसएमटीला उतरा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. अकबर बादशहाचं चिलखत आणि ढाल तिथे आहे, त्यावरचं काम बघून डोळे दिपतात. पण शिपायाचा कापूस भरलेला अंगरखा कुठेच दिसत नाही. तो फाटला, कुजला, वाळवीने खाल्ला, त्याची गोधडी झाली. काचेमागे जे उरतं ते राजाचं. त्यावरून सैन्याचा अंदाज करणं म्हणजे कॉलेजच्या कॅम्पस मुलाखतींचा बोर्ड बघून सगळ्यांना नोकरी लागली असं समजणं!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अब्राहम वाल्ड नावाच्या गणितज्ञापुढे असाच प्रश्न आला. लढाईहून परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठे आहेत ते मोजलं होतं आणि विमानाला जादा पत्रा कुठे लावावा हे ठरवायचं होतं. भोकं जिथे जास्त तिथे पत्रा, हे साधं उत्तर. वाल्डचा विचार उलटा: तिथे भोकं पडूनही ही विमानं परत आली. जी परत आली नाहीत, ती दुसऱ्या ठिकाणी लागलेल्या गोळ्यांनी पडली. भोकं कमी दिसतात, तिथे जपा. मरणाऱ्यांचा हिशोब परत येणाऱ्यांकडून कळत नाही.

आणि मेलेल्यांचाच हिशोब सापडला तर? तोही सापडला आहे. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर व्हिस्बी गावाजवळ १३६१ च्या जुलैमध्ये लढाई झाली. उन्हाळ्यात प्रेतं लवकर कुजायला लागली म्हणून असेल, पण बरेचसे लोक घाईघाईने अंगावरच्या चिलखतासकट पुरले गेले. विसाव्या शतकात ते खड्डे उकरले तेव्हा हजाराहून जास्त माणसांची हाडं मिळाली. त्यातले पुष्कळ साधे गावकरी होते आणि त्यांच्याकडचं चिलखत जुन्या चालीचं होतं. हाडांवर वार कुठे होते? मोठ्या संख्येने गुडघ्याखाली, नडगीवर. धड झाकलेलं होतं, पाय उघडे होते, आणि शत्रूची तलवार बरोबर उघड्या जागी गेली. चिलखत काम करतं, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता? आणि अर्धवट चिलखत कसं काम करतं, यालाही.

पुढे बंदूक आली. ३० ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला ४०० मीटरने आली तर तिची ऊर्जा २४०० ज्यूल, म्हणजे बाणाच्या चोवीस पट! युरोपातल्या कारागिरांनी पत्रा जाड केला, प्रत्यक्ष गोळी झाडून त्याची परीक्षा घेतली आणि त्या गोळीचा खड्डा गिऱ्हाइकाला खात्री म्हणून दाखवला. पण वजन इतकं वाढलं की हात-पाय उघडे ठेवावे लागले आणि हळूहळू चिलखतच उतरलं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले. तिथे कड्यांची जाळी असती तरी काय करणार होती? मात्र त्याच दिवशी, काशीराजाने लिहून ठेवलंय, अब्दालीचा वजीर शाहवलीखान चिलखत चढवून पायउतार होऊन लढत होता. दोनशे वर्षं बंदूक असूनही हातघाईत लोखंड अजून कामाचं होतं. चिलखत नव्हतं म्हणून आपण पानिपत हरलो असं कुणीच म्हणणार नाही. उपास, तुटलेली रसद, बरोबरचे बुणगे अशी कारणं आहेत. पण वेग आणि जागा या आपल्या दोन ढाली त्या मैदानात आपल्या हातात नव्हत्या, एवढं नक्की. आणि तिसरी ढाल आपण कधी केलीच नव्हती.

मित्रांनो, हा सगळा इतिहास वाटत असेल तर २६ नोव्हेंबर २००८ आठवा. आपण तेव्हा खूपच लहान होतो, पण ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. एके-४७ च्या आठ ग्रॅमच्या गोळीची ऊर्जा सुमारे २००० ज्यूल. म्हणजे जुन्या मस्केटच्या जवळपासच, फक्त टोकदार आणि मिनिटाला शेकड्यांनी येणारी. तिच्यासमोर सीएसटीवरच्या आपल्या कित्येक पोलिसांच्या हातात लाठ्या आणि जुन्या रायफली होत्या. हेमंत करकरे यांनी घातलेल्या जाकिटाच्या दर्जावरून पुढे कितीतरी वर्षं वाद झाला. आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची बंदूक उघड्या हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून तो जिवंत पकडला गेला. त्यांना अशोकचक्र मिळालं. तानाजीनंतर ३३८ वर्षांनी पुन्हा एका मराठी माणसाने हाताची ढाल केली! सलाम करतानाही मला तेच वाक्य ऐकू येतं. दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही.

आणि आता माझा मुद्दा. आपल्याकडे ढाल नसल्याचंच कौतुक करायची सवय लागली आहे. कर्णाने अंगाला जन्मापासून चिकटलेली, वजन शून्य असलेली कवचकुंडलं कापून दिली, त्याला आपण दानशूर म्हणतो. ठीक आहे, ती गोष्ट आहे. पण शिवजयंतीच्या रॅलीत चारशे मोटरसायकली निघतात, डोक्याला फेटा किंवा नुसता टिळा, हेल्मेट एकाकडेही नाही, आणि कुणी विचारलं तर उत्तर येतं, "आम्ही मावळे आहोत!" अरे, मावळ्यांचा राजा भेटीला जातानासुद्धा फेट्याच्या आत लोखंड घालून गेला होता!

हेल्मेटवर नेहमीचा आक्षेप असा: गरम होतं, मान दुखते, बाजूचं दिसत नाही. उंबरखिंडीतल्या मावळ्याला मी वजनाची सूट दिली, मग आम्हाला का नाही? कारण सरळ आहे. मावळ्याचा वेग त्याला वाचवत होता. बाइकवर आपला वेगच आपल्याला मारतो. हिशोब करून बघा. सहा फुटांवरून डोकं रस्त्यावर आपटलं तर वेग सेकंदाला सहा मीटर. उघडं डोकं साधारण ५ मिलिमीटरमध्ये थांबलं तर झटका गुरुत्वाकर्षणाच्या ३६० पटींहून जास्त. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा फोम २५ मिलिमीटर दबला, तर तोच झटका ७५ पटींच्या आत. चिलखताच्या आत कापसाची जाड बंडी घालायचे, ती याचसाठी. कवच वार अडवतं, अस्तर धक्का गिळतं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं. एवढा फायदा देणारं चिलखत कुठल्या बादशहालाही मिळालं नसेल, आणि ते आपल्याला एका सेमिस्टरच्या झेरॉक्सच्या खर्चात मिळतं. फक्त रस्त्याकडेची ती अर्धी टोपली नको, आयएसआय मार्कवालं पाहिजे. व्हिस्बीच्या लोकांचंही अर्धंच झाकलेलं होतं.

पण हेल्मेट आपण विकत घेऊ शकतो. ज्याला घेता येत नाही त्याचं काय? सुट्टीत मी पनवेलजवळच्या एका साइटवर ट्रेनिंगला जात होते. पहिल्याच दिवशी मला पिवळं हेल्मेट, चमकणारं जाकीट आणि सेफ्टी शूज मिळाले. मी काय करत होते? सावलीत उभी राहून वहीत लिहीत होते. आणि तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर डोक्याला टॉवेल बांधून, पायात स्लिपर घालून जो चालत होता, त्याला त्यातलं काहीच नव्हतं. मी विचारलं तर सुपरवायझर म्हणाले, "त्यांना सवय असते, मॅडम. दिलं तरी घालत नाहीत." मला हे वाक्य फार ओळखीचं वाटलं. निधडी छाती म्हणजे दुसरं काय? ज्याच्याकडे ढाल नाही त्याचं धाडस आपण 'सवय' म्हणून खपवतो. गरज सगळ्यात जास्त त्याला, चिलखत सगळ्यात आधी पाहुण्याला. आइन-ए-अकबरीच्या काळापासून आपण नेमके किती पुढे आलो?

महाराजांचं मे १६७४ चं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. राज्याभिषेकाला महिनासुद्धा उरला नव्हता. तेवढ्या गडबडीत राजा काय लिहितो? दाणा-वैरण पुरवून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, आणि आग सांभाळा. कुणी भलत्या जागी चूल पेटवील, कुणी चिलीम ओढायला निखारा नेईल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात पळवील, गवत पेटेल, घोडी मरतील. एका उंदराचा विचार! आजच्या भाषेत याला हॅझर्ड अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि त्याचा रिपोर्ट करायला आपण चार दिवस घेतो. मला या पत्रातला राजा पुतळ्यातल्या राजापेक्षा जास्त थोर वाटतो. आपल्या माणसांच्या शौर्याची खात्री असूनही तो त्यांना शौर्य दाखवण्याची वेळ येऊ नये म्हणून धडपडतो.

चिलखत दुर्मिळ होतं ते निरुपयोगी होतं म्हणून नाही, आणि शूरांना त्याची गरज नव्हती म्हणूनही नाही. ते महाग होतं आणि द्यायचं कुणाला हे वरचे लोक ठरवायचे. आज ते महाग राहिलेलं नाही. आणि चार-पाच वर्षांत साइटवर 'वरचे लोक' आपणच असणार आहोत. सेफ्टीचं बजेट कापायचा कागद आपल्याच टेबलावर सहीला येईल. त्या दिवशी परांचीवरच्या माणसाला सवय आहे की नाही, हे मोजत बसू नका. त्याला आधी हेल्मेट द्या, बेल्ट द्या, मापाचे बूट द्या. ते घालून काम करता येतं का ते स्वतः घालून बघा, आणि नसेल येत तर डिझाइन बदला. इंजिनीअर म्हणवून घ्यायचं तर एवढं तरी आपल्याला यायला हवं.

आणि हो, हा अंक वाचून झाल्यावर पार्किंगमध्ये जाल, तेव्हा आरशाला अडकवलेलं ते हेल्मेट डोक्यावर घाला. आरशाला त्याची गरज नाही.